टाळू लहानपणीच शिवली, मग सतराव्या वर्षी जबडा मागे का?

हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" मी शक्य तितके काढलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा जे गावाकडून नेट येईल तसं बघतात, त्यांच्यासाठी.

विषय एका ताईंच्या मेसेजवरून सुचला. त्या आमच्या पिंपळनेरच्याच भागातल्या. मुलाचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेली होती, दोन्ही ऑपरेशनं लहानपणीच झाली. आता तो सतरा वर्षांचा आहे, आणि चेहऱ्याचा मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. दाताचे डॉक्टर म्हणाले, वरचा जबडा कापून पुढे आणावा लागेल. ताईंचा प्रश्न साधा होता: "लहानपणी ऑपरेशन नीट झालं नव्हतं का? आणि आता हे केलं तर त्याचं बोलणं बिघडेल का?"

दोन्ही प्रश्न एकदम नेमके आहेत. मी डॉक्टर नाही, बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळं इथं मी सल्ला देत नाही, यंत्रणा कशी चालते ते समजावतोय. निर्णय तुमचे सर्जनच सांगतील. पण त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला कळलं तरी पुष्कळ झालं.

आधी सुरुवातीपासून. पोटातल्या बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी मध्ये सरकत येणाऱ्या भागांनी बनतो. ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. कुठे हे जुळणं राहिलं की फट राहते. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एक बाळ असं जन्मतं. कारणं मिश्र असतात: काही अनुवंशिक, काही आईच्या शरीराशी आणि परिस्थितीशी जोडलेली. धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, फिट्सची काही औषधं यांनी धोका वाढतो हे माहीत आहे. पण एका घरात नेमकं कशामुळं झालं हे बहुतेक वेळा सांगता येत नाही.

आपल्याकडे मात्र कारण ठरलेलं असतं: ग्रहण. "हिने ग्रहणात विळी हातात घेतली असेल." मंडळी, आठवडे पुन्हा बघा. नवव्या आठवड्यापर्यंत हा सगळा खेळ संपलेला असतो, तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या ग्रहणात भाजी चिरून तयार झालेला ओठ फाटत नाही. आणि पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतल्या ग्रहणातही नाही, कारण चंद्राच्या सावलीचा त्या पेशींशी काही संबंधच नाही. तरी पोराच्या आईला हे आयुष्यभर ऐकावं लागतं, आणि पोर सतरा वर्षांचं झालं तरी संपत नाही. असो, त्यावर मी चिडायला लागलो तर भाग तिथंच संपेल.

आता पहिला प्रश्न. ऑपरेशन नीट झालं नव्हतं का? बहुतेक वेळा उत्तर असं की, ऑपरेशन नीटच झालेलं असतं. आणि जबडा मागे राहण्याचं एक मोठं कारण तेच ऑपरेशन असतं. हे ऐकायला विचित्र वाटतं, म्हणून जरा थांबून बघू.

ओठ साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात. सर्जन लोकांचा एक जुना अंगठेबाज नियम आहे, दहाचा नियम: बाळ दहा आठवड्यांचं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या वर, आणि हिमोग्लोबिन दहा. टाळू त्यानंतर, वर्षभराच्या आसपास. टाळू शिवताना दोन्ही बाजूंची कातडी हाडापासून सोडवून मध्ये आणतात आणि जोडतात. जिथं कापलं तिथं व्रण तयार होतो. व्रणाची कातडी जाड, कडक आणि आखडणारी असते. भाजल्याच्या व्रणाने बोट वाकडं झालेलं तुम्ही कुणाचं तरी पाहिलं असेल, तसंच. आता वरचा जबडा पुढची पंधरा-सोळा वर्षं खाली आणि पुढे वाढणार असतो, आणि त्याच्या छतालाच एक न ताणणारी पट्टी बसलेली असते. खालच्या जबड्याला असलं काही बंधन नाही, तो आपल्या गतीनं वाढतो. लहानपणी फरक दिसत नाही. वयात येताना खालचा जबडा झपाट्यानं वाढतो आणि दोन-तीन वर्षांत चेहरा बदलतो. लोक म्हणतात "हनुवटी पुढं आली". हनुवटी बहुधा जागेवरच असते, वरचं मागे राहिलेलं असतं.

हे फक्त तर्काने ठरलेलं नाही. मायकेल मार्स नावाचे लंडनचे ऑर्थोडॉन्टिस्ट १९८०च्या दशकात श्रीलंकेत गेले. तिथं त्यांना अशी मोठी माणसं भेटली की ज्यांचा दुभंग कधी शिवलाच गेला नव्हता. त्यांच्या जबड्याची मापं घेतली तर वरचा जबडा बऱ्यापैकी नेहमीसारखा पुढे वाढलेला निघाला. म्हणजे वाढीची क्षमता बहुतांशी शाबूत होती. १९९० साली मार्स आणि ह्यूस्टन यांनी हा अभ्यास छापला आणि या क्षेत्रात तो आजही सांगितला जातो.

मग टाळू शिवूच नये का? इथंच खरी अडचण आहे. टाळू उघडी ठेवली तर जबडा वाढेल, पण मूल बोलणार कसं? भाषा पहिल्या दोन-तीन वर्षांत बसते. त्या काळात नाकातून हवा गळत राहिली तर मेंदू चुकीच्या जागी आवाज काढायला शिकतो, आणि ती सवय पुढे मोडणं फार कठीण. २०२३ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या केंद्रांवर ५५८ बाळांची टाळू कुणाची सहाव्या महिन्यात तर कुणाची बाराव्या महिन्यात शिवली होती. पाचव्या वर्षी पाहिलं तर सहाव्या महिन्यात शिवलेल्यांमध्ये हवा गळण्याचा दोष कमी होता. म्हणजे बोलण्याच्या दृष्टीने लवकरच बरं. आमच्या धंद्यात याला सरळ ट्रेड-ऑफ म्हणतात: आज सिस्टिम चालू राहावी म्हणून असा पॅच मारायचा, जो पुढे त्रास देणार हे ठाऊक असतं. इथं तो पॅच मारणं बरोबरच आहे. आधी बोलणं वाचवा, जबडा नंतर पुढे आणता येतो. पण "नंतर" काहीतरी करायचं आहे, हे आईबापांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. ते सांगितलं जात नाही, माझी तक्रार तिथं आहे.

किती मुलांना ही गरज पडते? एका बाजूचा ओठ आणि टाळू पूर्ण दुभंगलेल्यांमध्ये साधारण चौघांत एक, असा अंदाज १९८७ सालच्या रॉस यांच्या मोठ्या अभ्यासापासून दिला जातो. केंद्र बदललं की आकडा कमी-जास्त होतो. नुसता ओठ दुभंगलेला असेल आणि टाळू अखंड असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

आणि हे केवळ दिसण्याचं प्रकरण नाही. पुढचे दात एकमेकांवर येत नसतील तर ऊस सोलून बघा. कळण्याची भाकरी एक वेळ मोडून दाढेखाली देता येते, पण पेरू, काकडी, मक्याचं कणीस समोरून चावणं जमत नाही. "फ", "व", "स" हे आवाज ओठ, दात आणि जीभ यांच्या जागेवर चालतात, ते अडतात. वरचा ओठ आत जातो, नाक बसकं दिसतं, झोपेत घोरणं वाढू शकतं. आणि हो, दिसण्याचंही आहेच. सतराव्या-अठराव्या वर्षी वर्गात हात वर करायचा की नाही हे चेहऱ्यावरून ठरत असेल, तर त्याला "नुसतं दिसणं" म्हणणाऱ्यांनी स्वतःचं सतरावं वर्ष आठवावं.

आता ऑपरेशन. त्याचं नाव ल फोर्ट वन. रेने ल फोर्ट हे फ्रान्समधले सर्जन. त्यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या बाजूंनी आघात करून पाहिलं की चेहऱ्याची हाडं कुठल्या रेषांवर तुटतात. १९०१ मध्ये त्यांनी तीन ठरावीक रेषा मांडल्या. त्यातली सगळ्यात खालची, दातांच्या मुळांच्या वरून नाकाच्या तळाला समांतर जाणारी, ती पहिली. जी रेष अपघातात तुटते तीच सर्जन मुद्दाम, मोजून कापतो. १९६०च्या दशकात झ्युरिकच्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी हे तंत्र असं बसवलं की जबडा पूर्ण मोकळा करून बराच पुढे आणता येऊ लागला. मग अमेरिकेत विल्यम बेल यांनी माकडांवर अभ्यास करून दाखवलं की जबडा असा मोकळा केला तरी टाळूच्या आणि गालाच्या मऊ भागातून रक्त मिळत राहतं, हाड मरत नाही.

प्रत्यक्षात चीर वरच्या ओठाच्या आतून, हिरडीच्या वर घेतात. बाहेर चेहऱ्यावर नवा व्रण येत नाही. हाड कापून जबडा खाली उतरवतात, ठरलेल्या जागी पुढे नेतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. मोकळ्या जागेत गरज पडली तर कंबरेच्या हाडाचा तुकडा भरतात. हे सगळं पूर्ण भूल देऊन. नंतर काही दिवस सूज, काही आठवडे पातळ आणि मऊ खाणं: नागलीची पेज, वरणाचं पाणी, ताक, मिक्सरमधून काढलेली खिचडी. वरचा ओठ आणि गाल बधिर राहतात, बहुतेकांचं ते महिन्यांमध्ये कमी होतं, काहींना थोडं राहतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेत. हाडाचा रक्तपुरवठा कमी पडणं क्वचित होतं, पण दुभंगात टाळूवर आधीच व्रण असल्यामुळं सर्जन त्याबाबतीत जास्त सावध असतो.

ऑपरेशनच्या आधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावाव्या लागतात. यात एक गोष्ट पालकांना हमखास घाबरवते. जबडा मागे असला की दात आपोआप तडजोड करतात, वरचे पुढे कलतात, खालचे आत कलतात. तारा ती तडजोड काढून टाकतात. त्यामुळं ऑपरेशनच्या आधी काही महिने चेहरा आणखी वाईट दिसतो. "पैसे घातले आणि पोरगं बिघडवलं" असं म्हणून काही घरं इथंच उपचार सोडतात. तसं करू नका, तो आराखड्याचाच भाग असतो.

आणखी एक आधीची पायरी आहे. दुभंग हिरडीतूनही गेला असेल तर वरचा जबडा एक हाड नसून दोन तुकडे असतो. ते जोडायला साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, वरचा सुळा फुटण्याआधी, हिरडीच्या फटीत हाड भरतात. हे राहून गेलं असेल तर सतराव्या वर्षी सर्जनला दोन सुटे तुकडे सांभाळत काम करावं लागतं. जमतं, पण अवघड होतं. तुमच्या घरात आता आठ-नऊ वर्षांचं मूल असेल तर या भागातून एवढं एक जरी उचललंत तरी चालेल.

नियोजनाच्या बाबतीत मात्र मला राहवत नाही, कारण इथं आमचं खातं येतं. आता बऱ्याच केंद्रांवर सीटी स्कॅन आणि दातांचं स्कॅन एकत्र करून संगणकावर कवटीचं मॉडेल करतात. जबडा आधी स्क्रीनवर कापतात, सरकवतात, दात कुठे येतात ते बघतात. मग दातांवर बसणारी एक पातळ पट्टी थ्रीडी प्रिंटरवर छापतात. ऑपरेशनमध्ये मोकळा जबडा कुठे बसवायचा हे ती पट्टी सांगते. स्लायसर नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, कुणीही उतरवून सीटीची चित्रं त्यात उघडू शकतो. मी नमुन्याच्या फाइल्स घेऊन खेळून पाहिलंय. हाड वेगळं काढणं सोपं वाटतं, पण दुभंगाच्या जागचं पापुद्र्यासारखं हाड सॉफ्टवेअर सरळ गायब करतं. तिथं माणसाला हाताने रेष ओढावी लागते. आणि व्रण किती ओढणार, हे तर कुठलंच मॉडेल सांगत नाही.

त्या ओढीमुळंच दुसरी पद्धत आली. साधारण १० मिलिमीटरपर्यंत जबडा एका झटक्यात पुढे आणता येतो. त्याहून जास्त हवं असेल, किंवा व्रण फार कडक असेल, तर जबडा पुढे येतो आणि पुढच्या महिन्यांत थोडा मागे सरकतो. रबर ताणून खिळ्याला अडकवल्यासारखं. यावर उत्तर सैबेरियातून आलं. कुर्गान गावातल्या गाव्रिल इलिझारोव यांनी १९५०च्या दशकात दाखवलं होतं की पायाचं हाड कापून दोन टोकं रोज थोडी-थोडी लांब नेली तर मधे नवं हाड तयार होतं, आणि सोबत कातडी, स्नायू, नसाही लांबतात. अस्थिरोगवाले ही रिंग अजून वापरतात, तुम्ही कुणाच्या पायात पाहिली असेल. तेच चेहऱ्यावर आलं. १९९७ साली शिकागोच्या पॉली आणि फिगेरोआ यांनी डोक्याभोवती बसणाऱ्या कड्याचं, समोर दांडी असलेलं उपकरण मांडलं. याला डिस्ट्रॅक्शन म्हणतात.

हिशोब असा: हाड कापल्यावर साधारण पाच दिवस काही करायचं नाही. मग रोज एक मिलिमीटर, बहुधा सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा. १२ मिलिमीटर हवं तर १२ दिवस. त्यानंतर नवं हाड कडक होईपर्यंत दोन-तीन महिने उपकरण तसंच. म्हणजे सगळे मिळून तीनेक महिने. यात स्क्रू फिरवणारं कुणीतरी घरचं असतं: आई, मोठा भाऊ, कधी पेशंट स्वतः. किती फेरे, कुठल्या दिशेने, हे लिहून भिंतीवर लावावं लागतं. आणि तपासणीला वारंवार जावं लागतं. पिंपळनेरहून धुळं साक्रीमार्गे ऐंशीएक किलोमीटर, नाशिक ताहाराबाद-सटाण्यामार्गे त्याहून लांब, मुंबई तर सोडाच. शेतावर मजुरीला जाणाऱ्या घरासाठी प्रत्येक फेरी म्हणजे दोन माणसांचा रोज बुडाला. शहरातल्या पुस्तकात ही ओळ नसते, पण पद्धत निवडताना ती सर्जनसमोर बोलायलाच हवी.

मग दोन्हींत चांगलं कोणतं? कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासते. या प्रश्नावरच्या त्यांच्या २०१८ च्या आढाव्यात निकषांत बसणारी चाचणी किती सापडली? एक. हाँगकाँगची, ४७ पेशंटची. सगळ्यांना ४ ते १० मिलिमीटर पुढे आणायची गरज होती. अर्ध्या लोकांना एकदम, अर्ध्यांना हळूहळू. पाच वर्षांनी हळूहळू आणलेला जबडा जागेवर जास्त टिकलेला दिसला. बोलण्यात ठळक फरक आढळला नाही. मनाच्या बाबतीत मजेशीर निकाल आहे: उपकरण तोंडात असेपर्यंत, म्हणजे तीनेक महिने, डिस्ट्रॅक्शनवाल्यांचा आत्मविश्वास खाली गेला, पण दोन वर्षांनी ते आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. गंभीर इजा कुणालाच झाली नाही. पण ४७ माणसांवरून जगाला नियम सांगता येत नाही, आणि आढाव्याने स्वतःच पुराव्याचा दर्जा कमी असल्याचं लिहिलंय. त्यामुळं "डिस्ट्रॅक्शनच बेस्ट" असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा सावध. माझं मत विचाराल तर थोडं अंतर असेल आणि घर केंद्रापासून लांब असेल तर एकदाच्या ऑपरेशनकडे कल ठेवणं समजण्यासारखं आहे. मोठं अंतर असेल तर फेऱ्यांचं नियोजन आधी करून डिस्ट्रॅक्शन.

आता ताईंचा दुसरा प्रश्न, बोलण्याचा. हा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण याला आधीचं सगळं लागतं.

आपण "प" म्हणतो तेव्हा तोंडात हवा दाबून सोडतो. त्या क्षणी मऊ टाळू, म्हणजे पडजीभ लोंबते तो मागचा भाग, वर उचलून घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाचं दार बंद करतो. "म" म्हणताना ते दार उघडं असतं. घरी करून बघा: नाकाखाली छोटा आरसा धरा आणि "पपई" म्हणा, आरसा कोरडा राहायला हवा. "मामा" म्हणा, वाफ धरेल. दार नीट बंद होत नसेल तर "बाबा" म्हटलेलं "मामा" सारखं ऐकू येतं. यालाच आपण गेंगाणं बोलणं म्हणतो. अहिराणी बोला की मराठी, यंत्र तेच.

आता वरचा जबडा १० मिलिमीटर पुढे नेला तर त्याला जोडलेली मऊ टाळूही पुढे ओढली जाते. मागची भिंत मात्र जागेवरच. दार आणि चौकट यांतलं अंतर वाढलं. ज्यांची मऊ टाळू लांब आणि हलती आहे ते ताणून भरून काढतात. ज्यांचं दार आधीच जेमतेम बंद होत होतं, त्यांचं ऑपरेशननंतर उघडं राहू शकतं. म्हणजे ताई, उत्तर असं: बिघडू शकतं, सगळ्यांचं बिघडत नाही, आणि कुणाचं बिघडण्याची शक्यता जास्त हे आधी बऱ्यापैकी तपासता येतं. वाचा-उपचार तज्ज्ञ बोलणं ऐकून नोंद करतात, नाकातून बारीक दुर्बीण घालून ते दार बोलताना प्रत्यक्ष बघतात. ही तपासणी जबड्याच्या ऑपरेशनच्या आधी झाली पाहिजे. कुणी तिचं नावच काढलं नाही तर तुम्ही काढा. नंतर बिघडलंच तर घशाच्या भिंतीचं किंवा टाळूचं वेगळं ऑपरेशन करून दार पुन्हा जुळवता येतं. दुसरीकडे, दात जुळल्यामुळं "स", "फ", "व" बरेचदा सुधारतात. म्हणजे एकाच ऑपरेशनने काही आवाज सुधारू शकतात आणि काही बिघडू शकतात.

यातून एक हुशार तोडगा निघालाय, आणि त्यावर आपल्या देशात, चेन्नईच्या सर्जननी चांगलं काम केलंय. पूर्ण जबडा न हलवता फक्त पुढचा, पुढच्या दातांचा भाग कापून हळूहळू पुढे न्यायचा. मागच्या दाढा आणि मऊ टाळू जिथल्या तिथं. टाळूत दातांना धरून बसवलेला स्क्रू असतो, डोक्यावर कडं नाही. दार जसंच्या तसं राहतं, आणि मधे तयार झालेल्या जागेत दात सरळ करायला वाव मिळतो. प्रत्येकाला चालत नाही, दाढांचं जुळणं आधीच बरं असावं लागतं. पण बोलण्याची भीती असेल तर "आमच्या मुलाला हे चालेल का" एवढं विचारायला हरकत नाही.

आता वयाचा मुद्दा, आणि इथं सरकारी कागद आडवा येतो. मोठं ऑपरेशन साधारणपणे वाढ थांबल्यावर करतात, मुलींमध्ये सोळा-सतराच्या पुढे, मुलांमध्ये अठराच्या आसपास किंवा त्याही पुढे. आधी केलं आणि खालचा जबडा वाढतच राहिला तर पुन्हा तेच. फार तीव्र फरक असेल तर लवकर डिस्ट्रॅक्शन करतात, पण तेव्हा मोठेपणी परत करावं लागू शकतं हे सांगूनच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, आणि सुरू कुठं झाला तर पालघरला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. दुभंगलेला ओठ-टाळू त्याच्या यादीत आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासायला येतं, पुढचे उपचार मोफत जोडून देतं. उत्तम योजना आहे. वयोमर्यादा: अठरा वर्षं. म्हणजे ज्या ऑपरेशनला अठराव्या वर्षाची वाट बघायची, त्याच वर्षी मूल यादीतून बाहेर. कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण दोन तारखा एकमेकींवर आदळतात खऱ्या. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षीच नोंद, स्कॅन आणि तारा सुरू करून घ्या. मग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती राजीव गांधींच्या नावाने जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं धुळं होतं. तिच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याला "क्लेफ्टचं ऑपरेशन बसतं का" एवढंच विचारू नका. "ल फोर्ट वन", "जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया", "डिस्ट्रॅक्शनचं उपकरण" आणि "तारा" असं एकेक वेगळं विचारा. एक बसेल, दुसरं नाही बसणार, आणि ते तारा काढायच्या वेळी कळून उपयोग नाही.

शिबिरांबद्दल बोलल्याशिवाय हा भाग पूर्ण होत नाही. डॉ. शरदकुमार दीक्षित हे अमेरिकेत राहणारे प्लास्टिक सर्जन, पद्मश्री. स्वतः अपघाताने अधू, घशाच्या कॅन्सरने आवाज गेलेला, तरी वर्षानुवर्षं भारतात येऊन मोफत शिबिरं घेत राहिले. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरं भरवली. २०११ मध्ये ते गेले. हजारो मुलांचे ओठ आणि चेहरे त्या टेबलांवर नीट झाले. ही माणसं नसती तर आपल्या भागातली कित्येक मुलं ओठ न शिवताच मोठी झाली असती. पण ओठ एका दुपारी शिवता येतो. जबड्याला तारांचं दीड वर्ष, वाचा-उपचार, स्कॅन आणि वर्षानुवर्षं तेच डॉक्टर लागतात. ते शिबिरात होणारं काम नाही. "स्माइल पिंकी"ला २००९ साली ऑस्कर मिळालं, ओठ शिवलेल्या मुलीची गोष्ट जगाने पाहिली. पुढची गोष्ट कॅमेऱ्यात मावण्याइतकी छोटी नाही. स्माइल ट्रेनसारख्या संस्था आता भागीदार रुग्णालयांमधून वाचा-उपचार आणि दातांच्या उपचारांनाही मदत करतात, त्यामुळं जिथं ओठाचं ऑपरेशन झालं तिथंच आधी चौकशी करा.

जायचं कुठं? असं ठिकाण, जिथं तोंड-जबड्याचे सर्जन, ताराचे डॉक्टर आणि वाचा-उपचार तज्ज्ञ एकाच छताखाली किंवा निदान एकमेकांशी बोलून काम करतात. दंत महाविद्यालयं यासाठी चांगली सुरुवात. धुळ्यात, नाशकात आहेत. सरकारी हवं तर मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पहिल्याच भेटीत विचारा की गेल्या वर्षात तुमच्याकडे दुभंगाच्या पेशंटची अशी किती ऑपरेशनं झाली. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. साध्या पुढे-मागे जबड्याची शंभर ऑपरेशनं केलेला माणूस आणि व्रण असलेल्या जबड्याची वीस केलेला माणूस, यात मी दुसऱ्याकडे जाईन.

जाताना लहानपणीची सगळी कागदं न्या. टाळू कुठल्या पद्धतीने शिवली, हिरडीत हाड भरलं होतं का, घशाचं काही ऑपरेशन झालं होतं का. शेवटचं फार महत्त्वाचं: घशाच्या मागच्या भिंतीची पट्टी टाळूला जोडलेली असेल तर ती जबड्याला मागून धरून ठेवते, आणि भूल देताना नाकातून नळी घालणाऱ्या डॉक्टरांनाही हे आधी माहीत हवं. कागद हरवले असतील तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात नाव आणि साल घेऊन अर्ज करा. आणि लहानपणापासूनचे फोटो, बाजूने काढलेले असतील तर उत्तम, वयाच्या क्रमाने लावून मोबाइलमध्ये ठेवा. जबडा कधीपासून मागे पडायला लागला हे सर्जनला त्यावरून दिसतं.

तुमचे प्रश्न नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट करून पाठवा, अहिराणीत पाठवले तरी चालतील. पुढच्या भागात रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन अंगठा ओळखत का नाही, ते बघू.